पुन्हा रिकिबीत पाय

१६६४ सालच्या जानेवारी महिन्यात होदिगेरे नावाच्या गावाजवळील रानात शहाजीराजे भोसले शिकारीस गेले होते. सावजाचा पाठलाग करीत असता त्यांच्या भरधाव घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि त्याच्यासवे राजेही भुईवर आले. त्या पडण्यातून ते पुन्हा उठले नाहीत. निजामशाही, मोगलाई आणि आदिलशाही अशा तिन्ही ठिकाणी ज्यांच्या तलवारीचा दबदबा होता आणि ज्यांचे उभे आयुष्य खोगिरावर गेले, अशा पुरुषाचा अंत रणांगणात न होता एका अडखळलेल्या पावलाने व्हावा, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावयाचा. होदिगेरे हे गाव आज कर्नाटकाच्या दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात मोडते. राजांची समाधी तेथेच आहे.

याच शहाजीराजांना १६३८ च्या स्वारीनंतर बंगळूरची जहागीर मिळाली होती. आज ज्याला बेंगळुरू म्हणतात त्या शहराशी मराठी माणसाचे नाते जडले ते असे, घोड्याच्या पाठीवरून. राजांच्या त्या अखेरच्या शिकारीत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती प्रत्येक स्वाराने मनाशी जपून ठेवण्यासारखी आहे. घोड्यावर बसणाऱ्याला पडणे चुकत नाही. कौशल्याने ते लांबवता येते, सावधपणाने त्याचा आघात कमी करता येतो. पण ज्याला कधीच पडावयाचे नाही त्याने घोड्यावर चढूच नये. प्रश्न उरतो तो एवढाच की, पडलेला माणूस पुन्हा रिकिबीत पाय कसा ठेवतो?

बंगळूरला हा प्रश्न नवा नाही. शहराच्या पश्चिमेस कुणिगल येथे टिपू सुलतानाच्या काळापासून घोड्यांची पैदास होत आली. पुढे इंग्रजांची छावणी आली आणि तिच्याबरोबर रिसाले, पोलोची मैदाने व शर्यती आल्या. १८९६ साली विन्स्टन चर्चिल हा तरुण लष्करी अधिकारी आपल्या घोडदळाच्या पलटणीबरोबर येथे दाखल झाला. मुंबईच्या ससून डॉकवर होडीतून उतरताना त्याचा खांदा निखळला होता आणि ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. तो पोलो खेळे तो दंडाला पट्टा बांधून. आपला खांदा कोठवर साथ देईल याचा हिशेब त्याने आधी केला, आणि मग त्या हिशेबात बसेल तेवढा खेळ केला. स्वाराच्या आत्मविश्वासाचा विचार करताना ही लहानशी गोष्ट उपयोगी पडेल.

आज रिसाले गेले आहेत, परंतु घोडे गेलेले नाहीत. सेनेच्या आर्मी सर्व्हिस कोअरचे केंद्र या शहरात आहे आणि त्या दलातील अश्वारोहकांचे नाव देशात आहे. शहराच्या उत्तरेस १९९६ साली एम्बसी इंटरनॅशनल रायडिंग स्कूल ही संस्था उभी राहिली. आणखीही लहानमोठ्या शाळा नगराच्या कडेकडेने निघाल्या आहेत. तेथे येणारी मंडळी लढाईवर जावयाची नसतात. कोणी संगणकाच्या कारखान्यात अभियंता असतो, कोणी बँकेत अधिकारी असते, कोणी शाळकरी मूल असते. पहिले काही महिने चाल, दुडकी आणि मंद दौड यांत जातात. मग एके दिवशी वाळूत दोन खांबांवर एक रंगीत दांडी आडवी ठेवली जाते आणि शिक्षक म्हणतो, आता हिच्यावरून जावयाचे. त्या दांडीपाशी स्वाराची खरी परीक्षा सुरू होते.

अशाच एका मैदानावरील रविवारची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. पाठ संपला आहे, मोतद्दार घोड्यांचे तंग सैल करीत आहेत, आणि पर्जन्यवृक्षाच्या सावलीत पाचसहा स्वार कॉफीचे पेले घेऊन बसले आहेत. बोलणे अर्थातच पडण्याचे चालले आहे. मच्छीमार जसा निसटलेल्या माशाची लांबी सांगतो तसा स्वार आपल्या पडण्याची उंची सांगतो. मंडळीत कोल्हापूरकडचा एक तरुण अभियंता आहे. तो म्हणतो, “घोडी दांडीपाशी आली आणि थांबली. मी मात्र थांबलो नाही.” सगळे हसतात. तिच्या मानेवरून घसरून तो थेट दांडीच्या पलीकडे जाऊन बसला होता; म्हणजे दोघांपैकी एकाने तरी अडथळा ओलांडला होता.

त्याच्या शेजारी बँकेत काम करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक मराठी बाई आहेत. त्यांचा घोडा अडला नव्हता. त्याने अपेक्षेपेक्षा मोठी उडी घेतली, त्या मागे राहिल्या आणि तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळल्या. घोडा जमिनीवर टेकताच त्या बाजूला पडल्या. “मला लागलं नाही हो काही,” त्या म्हणतात, “पण त्याच्या तोंडाला हिसका बसला. पुढच्या रविवारी मला पाठीवर घेऊन तो दांडीजवळ जायलाच तयार होईना. मी विसरले होते, तो विसरला नव्हता.”

तिसरी आहे चौदा वर्षांची एक मुलगी. ती बराच वेळ गप्प असते. मग हळूच म्हणते, “मी कधी पडलेच नाही, काका. पण ताई पडल्या ते मी पाहिलं. तेव्हापासून दांडी जवळ आली की माझा श्वासच थांबतो.” या वाक्यावर मात्र कोणी हसत नाही.

मंडळींचे शिक्षक सेनेतून निवृत्त झालेले रिसालदार आहेत. त्यांचे गळपट्टीचे हाड दोनदा मोडलेले आहे आणि पावसाळ्यात ते अजून दुखते. ते फार बोलत नाहीत. एवढेच म्हणतात की, माणूस दोन तऱ्हांनी पडतो, अंगाने आणि मनाने. अंगाने पडलेल्याला डॉक्टरकडे न्यावे. मनाने पडलेल्यासाठी दांडी खाली घ्यावी.

या तिघांचे अनुभव वरकरणी वेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. ते समजण्यासाठी घोडा उडी कशी मारतो हे पाहिले पाहिजे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते, परंतु अगदी कपाळासमोरचा आणि नाकाखालचा थोडा भाग दिसत नाही. दांडी दूर असताना तो तिची उंची आणि अंतर जोखतो. उडीच्या ऐन क्षणी मात्र ती त्याच्या नजरेच्या टापूतून निसटू लागते. म्हणजे शेवटचे पाऊल तो आधीच्या अंदाजावर आणि स्वतःवरच्या भरवशावर टाकतो. दौडीत त्याची एकेक झेप सुमारे साडेतीन मीटरांची असते. या झेपा सारख्या पडल्या तर उडीची जागा नेमकी येते. मध्येच लगाम खेचला किंवा उगाच टाच मारली तर हिशेब चुकतो. मग तो पुढले पाय रोवून अंगाचा पुढला भाग वर उचलतो, मागले पाय एकत्र आणून जमीन जोराने मागे ढकलतो, हवेत मान लांबवून पाठीची कमान करतो आणि पलीकडे आधी एका व लगेच दुसऱ्या पुढल्या पायावर टेकतो. साडेचारशे-पाचशे किलोंचा देह त्या क्षणी एका कृश पायावर तोललेला असतो.

या सर्व क्रियेत घोड्याला मानेचे स्वातंत्र्य हवे असते. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याला जशी हातातली काठी, तशी घोड्याला मान. आश्चर्य असे की, ही साधी गोष्ट ध्यानात यावयास माणसाला फार काळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील स्वार उडीच्या वेळी मागे रेलत, पाय पुढे ताणत आणि लगाम आवळून धरीत. फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने ही रीत उलटी केली. घोडा मोकळा असताना उडी कशी मारतो हे त्याने बारकाईने पाहिले आणि ठरविले की, स्वाराने घोड्याला आपल्या सोयीने न वाकविता स्वतः त्याच्या गतीबरोबर पुढे झुकावे, खोगिरावरून किंचित उठावे आणि हात मानेबरोबर पुढे जाऊ द्यावे. आज जगभर हीच बैठक शिकविली जाते. उडी घेणाऱ्या घोड्यांचे एवढे भले करणाऱ्या या माणसाचा अंतही १९०७ साली घोड्यावरून पडूनच झाला.

मराठीत घोड्यावरील बैठकीला मांड म्हणतात. मांड पक्की असणे म्हणजे मांड्यांनी घोडा आवळून बसणे, असा नवख्याचा समज असतो. वस्तुतः आवळलेला गुडघा हा खुंटीसारखा होतो आणि त्याच्यावर अंगाचा वरचा भाग गरकन फिरतो. खरी मांड टाचेत असते. वजन टाचेत उतरलेले, गुडघा सैल परंतु जागच्या जागी, कंबर मऊ, नजर दांडीवर नव्हे तर दांडीच्या पलीकडे. कोल्हापूरचा तरुण उडीच्या आधीच पुढे झुकला होता. घोडीने आपला विचार बदलला तेव्हा त्याचा सारा भार तिच्या मानेवर होता. बँकेतल्या बाई उडी लागल्यावरही मागेच राहिल्या होत्या. एक घाईने पडला, दुसऱ्या भीतीने पडल्या. आणि पाहिले तर घाई हेसुद्धा भीतीचेच दुसरे रूप होय. ज्याला एखादा प्रसंग लवकर संपावा असे वाटते तोच त्यात वेळेआधी उडी घेतो.

तिसऱ्या मुलीचे दुखणे अधिक सूक्ष्म आहे. ती पडलेली नाही, तिच्या घोड्याला कोणी दुखविलेले नाही. तरी तिचा घोडा दांडीपुढे येताच मंदावतो. हे कसे घडते? स्वीडनमधील कृषिविज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांना घोड्यासह एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चारदा जावयास सांगितले. चौथ्या खेपेपूर्वी त्यांना बजावले की, या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या खेपेस माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीविषयी काहीच ठाऊक नव्हते त्या घोड्यांचेही वाढले. माणसाचे भय लगामातून, मांडीतून, श्वासातून घोड्याकडे पोचते. घोडा हा कळपातला, पळून जीव वाचविणारा प्राणी. शेजारचा सोबती दचकला की आपणही दचकावे, कारण विचारू नये, या नियमावर त्याची जात जगली. पाठीवरची मुलगी श्वास रोखते, तेव्हा त्याला एवढेच समजते की पुढे काही तरी भयंकर आहे. तो अडतो तो तिचा शब्द मानून.

म्हणूनच घोड्यावरच्या धैर्याचे शास्त्र इतर धैर्याहून निराळे आहे. व्याख्यानास उभा राहिलेला माणूस आतून थरथरत असला तरी बाहेरून उसने अवसान आणू शकतो. घोड्याच्या पाठीवर उसने अवसान चालत नाही. तेथे धीर धरल्याचे सोंग न करता, धीर खरोखरच यावा लागतो. आणि तो यावयाचा तर हुकमाने किंवा चेष्टेने येत नाही. तो फक्त पायरीपायरीने येतो.

रिसालदारांची पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बाईंना त्यांनी दांडीवर परत नेलेच नाही. प्रथम एका वयस्क, शांत घोडीवर बसविले. घोडी लांब दोरीने स्वतः धरून वर्तुळात फिरविली; बाईंच्या हाती लगाम दिला नाही आणि पायांत रिकीबही दिली नाही. लगाम नसला म्हणजे लोंबकळण्याची सवय आपोआप सुटते आणि तोल कंबरेत शोधावा लागतो. चारपाच आठवडे हेच चालले. मग जमिनीवर सव्वा मीटरच्या अंतराने चार दांड्या मांडल्या आणि दुडक्या चालीने त्यांवरून जावयास लावले. जमिनीवरच्या दांडीवरून कोणी पडत नाही. परंतु घोड्याची पाठ खालून उचलली जाते त्याची सवय शरीराला होते. पुढे दोन दांड्यांची फुली, मधोमध वीतभर उंच. घोडीच्या गळ्यात एक पट्टा बांधलेला. तोल गेलाच तर तो धरावा, लगाम नव्हे. घोडीचे तोंड सुरक्षित आहे हे कळल्यावर बाईंच्या मनावरचे अर्धे ओझे उतरले, कारण त्यांच्या भीतीत आपल्या हाडांपेक्षा घोड्याला दुखविल्याची टोचणी अधिक होती.

मुलीला त्यांनी दुसरे औषध दिले. दांडीकडे जाताना मोठ्याने अंक मोजावयाचे, एक, दोन, एक, दोन. आणि उडीनंतर पुढच्या खांबापर्यंत मोजत राहावयाचे. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. परंतु जो मोठ्याने मोजतो त्याला श्वास रोखता येत नाही. ज्याचा श्वास चालू आहे त्याची कंबर ताठत नाही. आणि ज्याची कंबर मऊ आहे त्याचा घोडा अडत नाही. शिवाय मोजण्यात गुंतलेल्या मनाला पडण्याचे चित्र रंगवावयास फुरसत मिळत नाही. कोल्हापूरच्या तरुणासाठी उपाय उलटा होता. त्याला दांडीपूर्वी दहा पावलांवर घोडी थांबवावयास लावीत. कधी उडी, कधी थांबणे, आणि काय ते अखेरच्या क्षणी सांगावयाचे. पुढे काय होणार हे आधी ठरवून ठेवण्याची त्याची खोड त्यामुळे मोडली.

या तिन्ही उपायांत एक समान सूत्र आहे. पडल्यानंतर माणसाला वाटते की, ज्या उंचीवरून आपण पडलो तीच उंची पुन्हा जिंकली पाहिजे. अभिमान तसे सांगतो. परंतु आत्मविश्वास हा अभिमानाचा भाऊ नव्हे. आत्मविश्वास म्हणजे मनाजवळ जमा झालेला पुरावा. वीतभर उंचीची पन्नास सुरळीत उड्यांची जमा ही, कशीबशी पार पडलेल्या एका उंच उडीपेक्षा मोठी असते. आणि ती स्वाराच्या खात्यावर जशी पडते तशी घोड्याच्याही खात्यावर पडते.

“पडलास की लगेच चढ,” असा घोडदळातला जुना दंडक होता. त्यामागे अनुभव होता. भय थिजण्यापूर्वी ते मोडावे, हा त्याचा हेतू. या दंडकाच्या थोर कथा ऑलिंपिकच्या इतिहासात आहेत. १९३६ साली बर्लिन येथे जर्मनीचा कोनराड फॉन वांगेनहाइम रानातील दौडीत पडला, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले, तरी त्याने तशीच दौड पुरी केली. दुसऱ्या दिवशी उड्यांच्या फेरीत घोडा पुन्हा कोसळला, तो पुन्हा चढला आणि त्याच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. १९६० साली रोम येथे ऑस्ट्रेलियाचा बिल रॉयक्रॉफ्ट, वय पंचेचाळीस, खांदा मोडला असताना रुग्णालयातून उठून उड्यांच्या फेरीस हजर झाला आणि त्याच्याही संघाने सुवर्ण मिळविले. या कथा ऐकताना ऊर भरून येतो, आणि यावाच.

परंतु त्याच कथांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डोक्यावर आपटलेला माणूस पुष्कळदा उठून बसतो, हसतो, मी ठीक आहे म्हणतो आणि घोडा मागतो. मेंदूला बसलेला मार त्या क्षणी दिसत नाही. तो नंतर गरगरणे, ओकारी, विसराळूपणा या रूपांनी प्रकट होतो, आणि अशा स्थितीत दुसरा मार बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो. १९९९ साली एकट्या ब्रिटनमध्ये त्रिविध अश्वारोहण स्पर्धांत पाच स्वार दगावले. त्यानंतर या खेळाने आपल्या शौर्याच्या कल्पना तपासून पाहिल्या. रानातील दौडीचे काही अडथळे असे बनविले जाऊ लागले की, घोडा जोराने आदळला तर आतली खीळ तुटून ओंडका खाली यावा आणि घोड्याने कोलांटी घेऊन स्वाराच्या अंगावर पडू नये. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वार पडला की तो तेथेच बाद होतो. पुन्हा चढून दौड पुरी करण्याची मुभा त्याला नाही. वांगेनहाइम आणि रॉयक्रॉफ्ट आज स्पर्धेत असते तर नियमांनी त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत पोचू दिले नसते. यात शौर्याची हानी झाली असे ज्यांना वाटते त्यांनी शौर्य आणि हट्ट यांतला भेद पुन्हा एकदा पाहावा.

रिसालदारांच्या मैदानावर म्हणून नियम असा आहे: पडलेल्याने आधी पडूनच राहावयाचे. हातपाय हलतात का, मान दुखते का, आजचा वार कोणता, हे विचारून झाल्यावरच उठावयाचे. टोपीला मार बसला असेल तर ती टोपी बाद, किंमत कितीही असो. डोक्याला लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी घोडा नाही आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय पुढेही नाही. यातले काहीच नसेल तर मात्र स्वाराने पुन्हा चढावे आणि मैदानाला एक फेरी घालावी, नुसत्या चालीने. उडी नको. पाठ घोड्यावर संपला, जमिनीवर नव्हे, एवढी आठवण घेऊन घरी जावे. जुना दंडक असा अजून जिवंत आहे, फक्त तो शहाणा झाला आहे.

सामान्य स्वाराला वाटते की, पडण्याची आणि अडण्याची ही कटकट आपल्यासारख्यांच्याच वाट्याला येते, मोठ्यांच्या नाही. बंगळूरच्याच एका स्वाराची कारकीर्द या समजावर उतारा ठरेल. फवाद मिर्झा याचा जन्म १९९२ साली याच शहरात झाला. त्याचे वडील घोड्यांचे डॉक्टर. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई खेळांत त्याने सेन्योर मेडिकॉट या घोड्यावर त्रिविध स्पर्धेत वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. १९८२ च्या दिल्लीतील खेळांत रघुबीर सिंग यांनी याच प्रकारात सुवर्ण जिंकल्याला तेव्हा छत्तीस वर्षे लोटली होती आणि मधल्या काळात अश्वारोहणात वैयक्तिक पदक भारताच्या हाती लागले नव्हते. पुढे २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फवाद त्याच घोड्यावर उतरला. रानातील दौडीत त्याला वेळ जास्त लागला. उड्यांच्या पहिल्या फेरीत त्याच्या घोड्याकडून दोन दांड्या पडल्या, तरी तो अंतिम फेरीत पोचला. तेथे तीन दांड्या पडल्या आणि त्याचा क्रमांक तेविसावा लागला. प्रत्येक पडलेल्या दांडीला चार गुणांचा दंड असतो. दांडी पडल्याचा आवाज स्वाराला मागून ऐकू येतो. पण त्याने मागे पाहावयाचे नसते, कारण पुढची दांडी काही झेपांवर आलेली असते. साऱ्या जगापुढे हे मागे न पाहणे जमणे, ही गोष्ट पदकाहून फार लहान नाही.

दुसरे उदाहरण आशिष लिमये या मराठी स्वाराचे. २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत विली बी डन या घोड्यावर तो पहिल्या दिवसाच्या ड्रेसाजनंतर सर्वांच्या पुढे होता. दुसऱ्या दिवशी रानातील दौडीत तो बाद ठरला. आघाडीवरून एकाच दिवसात शून्यावर येणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने जाणावे. २०२५ साली थायलंडमधील पट्टाया येथे झालेल्या आशियाई अश्वारोहण स्पर्धेत तोच स्वार, त्याच घोड्यावर, त्रिविध प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदकाचा मानकरी झाला. मधल्या दोन वर्षांतली प्रत्येक सकाळ वर्तमानपत्रांत आली नाही. त्या सकाळी कशा गेल्या असतील याची कल्पना ज्यांनी जमिनीवरच्या दांड्यांवरून घोडा फिरविला आहे त्यांना करता येईल.

पर्जन्यवृक्षाखालची मंडळी कॉफी संपवून उठतात. ऊन वर आले आहे आणि घोडे तबेल्यात जावयाचे आहेत. परंतु बाईंची एक फेरी राहिली आहे. मैदानाच्या टोकाला दोन दांड्यांची फुली मांडलेली आहे, गुडघ्याच्याही खाली. आज त्यांच्या खाली ज्याच्या तोंडाला हिसका बसला होता तोच घोडा आहे. मुलगी कठड्याशी उभी राहून मोठ्याने मोजू लागते, एक, दोन, एक, दोन. आणि बाई तिच्या सुरात सूर मिळवितात. घोडा कान टवकारतो, एक क्षण घुटमळतो, आणि मग बाईंचे हात मानेबरोबर पुढे आलेले त्याला जाणवतात. तो फुलीवरून जातो. उंची सांगण्यासारखी नव्हती, आणि कोणी टाळ्याही वाजवीत नाही. रिसालदार फक्त म्हणतात, “शाबास,” आणि ते घोड्याला म्हणाले की बाईंना, हे कोणी विचारीत नाही. बाई खाली उतरतात, तंग एक घर सैल करतात आणि बराच वेळ त्याची मान थोपटीत उभ्या राहतात.